दर पत्रात एक वाईट बातमी

छावणीतल्या दिवसांबद्दल गेल्या अंकात लिहिलं आणि टपालाचा ढीग आला. निम्मी पत्रं बंदुकांबद्दल होती, ती बाजूला ठेवली. बंदुकांवर लिहिणारे पुष्कळ आहेत. पायदळातल्या २४ वर्षांच्या नोकरीत निम्म्याहून थोडी कमी वर्षं मी घरापासून लांब काढली, म्हणून घराबद्दल विचारणाऱ्यांना आधी उत्तर देतो. पहिल्या प्रश्नाने जागा जास्त खाल्ली आहे. संपादकांना काही कापायचंच असेल तर माझा फोटो कापावा.

प्रश्न : माझे पती कॅप्टन आहेत. लग्नाला दीड वर्ष झालं. चार महिन्यांपूर्वी त्यांची पलटण लडाखला गेली. आठवड्यातून दोनदा फोन येतो. मी विचारते, कसे आहात? ते म्हणतात, सगळं ठीक. ते विचारतात, घरी कसं? मी म्हणते, सगळं ठीक. मग दोघंही गप्प. ते माझ्यापासून काही लपवत असतील का?

हो, लपवत असतील. आणि ताई, तुम्हीही लपवताय.

१९९६च्या ऑक्टोबरात आमची पलटण लडाखला चढली. मी तेव्हा मेजर, एका कंपनीचा कमांडर. ही आणि आमची पाच वर्षांची मुलगी मागे राहिल्या. नवरा फील्डला, म्हणजे सरहद्दीकडे, गेला की कुटुंबाला आधीच्या पीस स्टेशनवर, म्हणजे सरहद्दीपासून लांबच्या छावणीत, क्वार्टरमध्ये राहू देतात, तशा. माझी पोस्ट चौदा हजार फुटांच्या वर होती. मोबाइल नव्हते. महिन्यातून एखाद्या वेळी कामानिमित्त खाली बेसला उतरलो, तर तिथे एक एसटीडी बूथ होता. रात्री अकरानंतर पाव दर लागायचा, म्हणून रांग अकरालाच लागायची. मी रिसीव्हर उचलायचो तेव्हा माझ्या पाठीशी माझ्याच कंपनीचे सात-आठ जवान हात बगलेत घालून उभे असायचे. कंपनी कमांडर बायकोशी काय बोलतो ते ऐकायला सोळा कान. सांगा, काय बोलणार? सगळं ठीक.

तुमच्या कॅप्टनसाहेबांच्या हातात मोबाइल असेल, पण भिंती त्याच आहेत. बंकरच्या पत्र्याला कान असतात.

त्या डिसेंबरात एका चौकीवर जाऊन येताना माझे मोजे ओले झाले. परतलो तेव्हा डाव्या पायाची दोन बोटं मेणासारखी पांढरी पडली होती आणि टोचलं तरी कळत नव्हतं. आमचा नर्सिंग असिस्टंट पोरसवदा, पण पक्का. त्याने माझं पाऊल कोमट पाण्यात धरून ठेवलं, कोणाला चोळू दिलं नाही, शेकोटीजवळ नेऊ दिलं नाही. बोटांत जीव परत आला तेव्हा मी ओठ चावून बसलो होतो, कारण दारात सुबेदारसाहेब उभे होते. बोटं वाचली. नखं गेली. घरी लिहिलं : थंडी बरी आहे.

मार्चमध्ये सुट्टी मिळाली. लेहच्या ट्रान्झिट कॅम्पात पाच दिवस हवामानाची वाट पाहिली. रोज पहाटे यादी लागायची, रोज दहाच्या सुमाराला कळायचं की आज विमान नाही. सहाव्या दिवशी हवाई दलाचं एएन-३२ विमान मिळालं, चंडीगड, मग रेल्वे. घरी पोचलो, ट्रंक खाली ठेवली आणि पाहिलं तर जिन्याखाली स्कूटर नव्हती.

“स्कूटर कुठाय?”

“विकली.”

“कधी?”

“जानेवारीत.”

जानेवारीत ही मुलीला शाळेतून आणताना वाळूवर घसरली होती. मुलीला खरचटलं, हिचं मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर. त्या सहा आठवड्यांत मला चार पत्रं आली होती, चारही सगळं ठीक म्हणणारी. अक्षर जरा वाकडं होतं. मला वाटलं, घाईत लिहिलंय. मी संतापलो. कशावर, ते मलाही नीट सांगता येत नव्हतं. तणतणत बसलो, बूट काढले, मोजे काढले. आणि हिने माझं पाऊल पाहिलं.

मग तिची पाळी आली. त्या रात्रीचं भांडण आमच्या संसारातलं सगळ्यात मोठं. मुलगी शेजारी झोपली होती म्हणून ते अख्खं भांडण कुजबुजत झालं.

त्या हिवाळ्यात मी काय करत होतो, तेही सांगतो. कंपनीत सव्वाशे माणसं. सुट्टीवरून आलेल्या प्रत्येक जवानाला मी समोर बसवून विचारायचो : घरी कसं आहे? त्यांना रांग नव्हती, पाठीमागे कान नव्हते, म्हणून ते सांगायचे. एकाच्या चुलत्याने बांध कोरला होता. एकाच्या बायकोला सातवा महिना आणि रक्त कमी. एकाच्या वडिलांवर दिवाणी दावा, त्यात याचंही नाव. मी मसुदे करायचो. जिल्हाधिकाऱ्यांना पत्र, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाला पत्र, सही सीओंची, म्हणजे पलटणीच्या कमांडिंग ऑफिसरची. फौजी सरहद्दीवर असताना त्याच्या पाठीमागे दावा एकतर्फी उरकू नये, यासाठी १९२५चा एक कायदा आहे. त्याचं प्रमाणपत्र न्यायालयाला पाठवावं लागतं, तेही पाठवलं. बांध कोणाच्या बाजूला किती फूट सरकला, हे मला पाठ होतं. सव्वाशे घरांची खबर माझ्या वहीत होती आणि माझ्या घरची स्कूटर विकली गेलेली मला माहीत नव्हती.

तुमचे पती हेच काम करत आहेत. दिवसभर दुसऱ्यांची घरं ऐकून घेतात आणि आपल्या घराबद्दल विचारायची वेळ आली की त्यांच्याकडे शब्द उरत नाहीत. शिवाय त्यांना वाटतं, आपण विचारलं आणि काही वाईट निघालं, तर इथून करणार काय? तुम्हालाही तेच वाटतं. म्हणून दोघं मिळून एक गोड खोटं सांभाळता.

आम्ही त्या सुट्टीत एक नियम केला. दर पत्रात एक तरी वाईट बातमी असलीच पाहिजे. नसेल तर शोधायची. पत्रांवर क्रमांक घालायचे हेही तेव्हाच ठरलं, कारण बर्फ पडला की टपाल अडायचं आणि मग तीन-चार पत्रं एकदम यायची; क्रमांक नसला की उत्तर आधी वाचलं जायचं आणि प्रश्न नंतर. सुट्टीनंतरचं हिचं पहिलं पत्र, क्र. १, त्याची शेवटची ओळ अजून आठवते : “वाईट बातमी. गीझर जळला. इलेक्ट्रिशियन उद्या येतो म्हणतो. त्याचा उद्या गेले तीन आठवडे चालू आहे.” माझं उत्तर : “वाईट बातमी. दाढ ठणकते आहे. डॉक्टर लेहला. लवंग धरून बसलोय.”

तुम्ही म्हणाल, यात काय मोठं? मोठं हे की, ज्या पत्रात जळका गीझर आहे, त्या पत्रातलं ‘बाकी ठीक’ मला खरं वाटू लागलं. त्याआधी मी हिची पत्रं तपासनिसासारखी वाचायचो, ओळींच्या मधलं शोधत. नियमानंतर नुसती वाचू लागलो.

तेव्हा पुढच्या फोनला सुरुवातच वाईट बातमीने करा. नळ गळतो, बँकेत फेऱ्या मारल्या, सासूबाईंशी खटकलं, काहीही. आणि एखादा निर्णय त्यांच्यावर टाका. पडदे कोणत्या रंगाचे घेऊ, एवढा चालेल. चौदा हजार फुटांवर पडद्याच्या रंगाचा विचार करण्यात किती सुख असतं, ते मी तुम्हाला सांगू शकत नाही. (मी हिरवे सांगितले होते. आणले निळे. पण विचारलं होतं.)

दोन गोष्टी मात्र फोनवर विचारू नका : नेमके कुठे आहात आणि कधी कुठे निघणार. त्या त्यांनी लपवायलाच हव्यात. जुलै २०२०मध्ये लष्कराने फौजींना ८९ ॲप्स मोबाइलवरून काढून टाकायला सांगितली होती, फेसबुकसकट, ती काही हौस म्हणून नव्हे.

प्रश्न : मी एसएसबीची, म्हणजे लष्करी अधिकारी निवडीच्या मुलाखतीची, तयारी करतो आहे. अधिकाऱ्याला वेगळी खोली, मेस, हाताखाली माणसं. त्याची छावणी जवानापेक्षा सुखाचीच नाही का?

पीस स्टेशनला, हो. तिथलं नाकारत नाही. फील्डला गेलास की ‘वेगळी खोली’ म्हणजे दगड रचून वर पत्रा टाकलेली, ज्यात उभं राहिलं की डोकं आपटतं अशी जागा. जेवण लंगरचंच, म्हणजे जवानांच्या स्वयंपाकघरातलंच. ते वाढण्याआधी अधिकाऱ्याने चाखायचं असतं आणि वहीत शेरा मारायचा असतो, त्यामुळे डाळ कच्ची आहे हे सगळ्यात आधी त्याला कळतं. कच्ची राहतेही. चौदा हजार फुटांवर पाणी ८५-८६ अंशांनाच उकळतं. कुकर नसेल तर डाळ दिवसभर उकळत राहील आणि दाताखाली येईल.

बुखारीबद्दल, म्हणजे खोली ऊबदार ठेवणाऱ्या शेगडीबद्दल, मात्र लिहायलाच हवं, कारण फील्डचा सगळा हिवाळा तिच्याभोवती जातो. पत्र्याचं नळकांडं, वरून छतातून बाहेर काढलेलं धुराडं, शेजारी रॉकेलचा डबा आणि त्याला बारीक तोटी. तोटीतून थेंब पडतो, टप, टप, आणि आत जळतो. थेंब जोरात सोडला तर धुराडं लाल होतं, कमी सोडला तर ती विझते आणि खोलीभर रॉकेलचा भपकारा. काजळी उशीत, नाकात, दाढीच्या साबणात. आणि झोपण्याआधी ती बंद करायचीच, हुकूम आहे. बंद खोलीत रात्रभर जळत ठेवली तर विषारी वायू साठतो, वास येत नाही, झोपलेला माणूस उठत नाही. रात्री पहाऱ्यावरचा संत्री प्रत्येक धुराड्याजवळ हात नेऊन पाहतो. माझ्याही. म्हणजे अकरापर्यंत ऊब आणि दोन वाजेपर्यंत मगातल्या पाण्याचा दगड. टूथपेस्ट आणि टॉर्चचे सेल स्लीपिंग बॅगमध्ये घेऊन झोपायचं. पत्र लिहायचं तर बॉलपेन आधी काखेत धरायचं, नाहीतर शाई उतरत नाही. माझ्या जुन्या पत्रांत पहिल्या दोन ओळी नेहमी फिकट आहेत.

सुट्टीचं म्हणशील तर वर्षाची ६० दिवस दोघांनाही. वरची नैमित्तिक रजा जवानाला ३० आणि अधिकाऱ्याला २०. तिथे तो तुझ्या पुढे आहे आणि असायलाच हवा.

पण तुझ्या प्रश्नाचं खरं उत्तर वेगळं आहे. कंपनीच्या पोस्टवर बहुतेक वेळा अधिकारी एकटाच असतो. जवान संध्याकाळी एका सिगडीभोवती दहाजण बसतात, एकमेकांच्या गावावरून चिडवतात, कोणीतरी ढोलक काढतो. मी तिथे जाऊन बसलो की सगळे सावरून बसायचे. ढोलक थांबायचा. पाच-दहा मिनिटं बसून मी उठायचो, कारण मी उठल्याशिवाय त्यांची संध्याकाळ सुरू व्हायची नाही. परत खोलीत येईपर्यंत मागे ढोलक वाजू लागायचा. तो बाहेरून ऐकायला फार छान लागतो.

दिवसाचे पन्नास ‘साब’ ऐकायचे. त्या पोस्टवर आठ महिन्यांत मला नावाने हाक मारली ती फक्त सीओंनी, फील्ड टेलिफोनवर, आणि तीही बहुधा काहीतरी चुकल्यावर.

हे जमणार असेल तर ये. एसएसबीत हे विचारत नाहीत.

प्रश्न : माझा मुलगा लेफ्टनंट आहे, पूर्वेकडे. पत्त्यात गावच नाही, नुसतं ‘९९ एपीओ’. डबा पाठवला तर पोचेल का?

पोचेल, आई. एपीओ म्हणजे आर्मी पोस्ट ऑफिस. ९९ एपीओचं टपाल कोलकात्याच्या तळावरून जातं, ५६ एपीओचं दिल्लीच्या. तिथल्या फौजी टपालवाल्यांना कोणती पलटण आज कुठे आहे ते ठाऊक असतं, आपल्याला ठाऊक असायचं कारण नाही. क्रमांक, हुद्दा, नाव, युनिट, त्याने दिलेला पिन कोड आणि मार्फत ९९ एपीओ, एवढंच लिहा. तुम्हाला गाव कळलं असलं तरी पत्त्यात घालू नका.

काचेची बरणी नको. लोणचं तर नकोच. एकदा एका बरणीचं तेल पोत्यातल्या चाळीस पत्रांवर सांडलं होतं आणि आमच्या कंपनीने आठवडाभर मेथीचा वास असलेली पत्रं वाचली. कोरडं द्या, पत्र्याच्या डब्यात, वरून कापड शिवून. आणि मुलगा खाईल तेवढं पाठवू नका. डबा उघडला की तो सगळ्यांचा होतो. त्याच्या वाट्याला मूठभर येईल. दुप्पट पाठवलंत तर दोन मुठी.

प्रश्न : आमचे जावई सुट्टीवर आले की पहिले आठ दिवस घुम्यासारखे असतात. पहाटे साडेचारला उठून खिडकीशी उभे राहतात. रात्री तीन-तीनदा गॅस बंद आहे का पाहतात. मुलगी काळजीत आहे.

गॅसचं उत्तर वर आलं, बुखारीपाशी. मी अजून पाहतो, निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी.

पहाटेचं असं : आघाडीच्या पोस्टवर उजाडायच्या आधी आणि संध्याकाळी अंधारून येताना सगळे आपापल्या मोर्च्यात हत्यारानिशी उभे राहतात. त्याला स्टँड-टू म्हणतात. हल्ला व्हायचा तर याच वेळी, असा जुना हिशेब. वर्ष-दीड वर्ष हे केलं की साडेचारला शरीर स्वतःच उभं राहतं. खिडकीशी उभे असतात म्हणजे उजाडायची वाट पाहत असतात, दुसरं काही नाही. त्यांना चहा द्या आणि काही विचारू नका.

पहिल्या आठवड्यात नातेवाइकांच्या जेवणावळी ठेवू नका. जिथे महिनोन्‌महिने तीच वीस तोंडं पाहिली, तिथून आल्यावर लग्नाच्या हॉलमधली चारशे माणसं अंगावर येतात. माझ्या मेव्हण्याच्या लग्नात मी मागचं दार कुठे आहे ते आधी शोधून ठेवलं होतं. हिने ते ओळखलं आणि माझ्यासाठी दाराजवळची खुर्ची धरली.

उलट बाजूचंही लक्षात ठेवा. शेवटचे तीन-चार दिवस माणूस पुन्हा घुम्यासारखा होतो, कारण मनाने तो निघालेला असतो. दोन महिन्यांची सुट्टी संपवून लडाखला गेलं की लगेच पोस्टवर जाता येत नाही. शरीराला विरळ हवेची पुन्हा सवय करावी लागते : पहिल्या टप्प्याला सहा दिवस, त्यातले पहिले दोन नुसते पडून, पुढच्या प्रत्येक उंचीला चार-चार दिवस. मागच्या हिवाळ्यात तिथे राहून आलो होतो वगैरे फुफ्फुसांना आठवत नाही. त्या पडून काढायच्या दोन दिवसांत घराची आठवण सगळ्यात जास्त येते, कारण काम नसतं. त्या दोन दिवसांसाठी एक पत्र आधीच तिथे पोचेल असं पाठवायला मुलीला सांगा. फोन नव्हे, पत्र. ते परत वाचता येतं.

हे घुमेपण सबंध सुट्टीभर टिकलं, झोप लागतच नसेल, हात उगारण्यापर्यंत राग जात असेल, तर मात्र स्वभाव म्हणून सोडू नका. लष्करी रुग्णालयात मनोविकारतज्ज्ञ असतात. बोट काळं पडलं की दाखवतो, तसंच हेही दाखवायचं.

प्रश्न : मी पाचवीत आहे. तुम्हाला तिथे आलेलं सगळ्यात मजेशीर पत्र कोणतं?

माझ्या मुलीचं. तेव्हा ती तुझ्याहूनही लहान होती, सहा वर्षांची. आईबाबांचा पत्रांचा नियम तिने कुठूनतरी ऐकला असावा. वहीचं पान, वर लाल पेन्सिलीने ‘पत्र क्र. १’, आणि खाली एवढंच :

“वाईट बातमी. तुमचं कपाटातलं घड्याळ माझ्याकडून फुटलं. चांगली बातमी. आईला अजून माहीत नाही.”

पाकिटावर पत्ता मात्र आईच्या अक्षरात होता. तिने तो पाकीट चिकटवण्याआधी लिहिला की नंतर, हे मी आजवर विचारलेलं नाही.